गोळी बाबा भरतात

नेमबाजीच्या रेंजवर नवीन आलेला माणूस आधी माझ्या खुर्चीकडे बघतो, मग टेबलावरच्या स्टँडकडे, मग माझ्या हातांकडे. दोन-चार दिवसांत ओळख झाली की हळूच विचारतो, "हात असे असताना रायफल कशी चालवता?" मी सांगायला लागतो, तेवढ्यात कुणाची तरी पाळी येते आणि बोलणं अर्धवट राहतं.

मागच्या महिन्यात एका बाईंचा फोन आला. त्यांचा नवरा माझ्यासारख्याच आजारातून उठला होता. घरी आला होता, पण घरात कुणाशी बोलत नव्हता. त्याला नेमबाजीला आणू का, असं त्या विचारत होत्या. मी अर्धा तास माहिती दिली. फोन ठेवल्यावर वाटलं, मुख्य ते सांगायचं राहूनच गेलं. म्हणून हे लिहून काढतो आहे. मला लिहिण्याची सवय नाही. दिग्रसच्या शाळेत निबंधाला बरे मार्क पडायचे, तेवढ्याच भरवशावर लिहितो.

अकरावी पायरी

आम्ही येरवड्यात दुसऱ्या मजल्यावर राहतो. लिफ्ट नाही. मी सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करतो, माझी बायको अर्चना शाळेत शिकवते. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिला. त्यामुळे पुण्यात नोकरी, भाड्याचं का होईना घर, एवढ्यावर मी फार खूश असायचो.

आधी आठवडाभर पोट बिघडलं होतं. मग तळपायांना मुंग्या यायला लागल्या. नवे बूट चावत असतील, असं समजून मी जुने घातले. दोन दिवसांनी कामावरून येताना जिन्याच्या अकराव्या पायरीवर पाय उचलेना. मी तिथेच बसलो आणि कुणी बघू नये म्हणून मोबाइल काढून वाचल्यासारखं केलं. शेजारचे काका वर गेले, खाली आले, परत वर गेले. तिसऱ्यांदा म्हणाले, "आज जिन्यातच मुक्काम का?"

सकाळी टूथपेस्टचं झाकण उघडलं नाही. चप्पल पायातून निसटली ते कळलं नाही.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी छोट्या हातोडीनं गुडघ्यावर ठोकलं. पाय हलला नाही. त्यांनी परत ठोकलं, बंद घराची कडी वाजवावी तसं. मग अर्चनाला म्हणाले, "घरच्यांपैकी कुणाला तरी बोलावून घ्या."

"मी आहे ना," ती म्हणाली.

"अजून कुणीतरी."

आजाराचं नाव त्यांनी नंतर सांगितलं. जीबीएस. पेपरात वाचलेलं होतं. शरीराची प्रतिकारशक्तीच नसांवर उलटते, पायांकडून वर चढत जाते, छातीपर्यंत आली तर श्वासाला मशीन लागते, बहुतेक जण बरे होतात. हे सगळं त्यांनी शांतपणे समजावलं. पण मला आजही त्या दिवसातलं आठवतं ते "अजून कुणीतरी". तेव्हा मी खरा घाबरलो.

ते अजून कुणीतरी म्हणजे माझे बाबा. अठ्ठावीस वर्षं एसटीत कंडक्टर होते. आई गेल्यापासून दिग्रसला एकटेच असायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी ते आले, तोपर्यंत माझे हात गेलेले होते. बाबांनी पिशवी खाली ठेवली, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "जेवला का?"

एक घंटी, दोन घंटी

आजार छातीपर्यंत आला. मशीनवर मी किती दिवस होतो हे मला नंतर कळलं. आतमध्ये दिवस मोजता येत नव्हते. ऐकू सगळं यायचं. हलत काही नव्हतं, फक्त पापण्या.

ज्यांच्या घरचं माणूस असं पडलेलं असेल त्यांना सांगतो: बोला. आम्ही ऐकत असतो. अर्चना भेटायच्या वेळेत शाळेतल्या गमती सांगायची. सकाळच्या मावशी अंग पुसताना केसांचा भांग पाडायच्या आणि म्हणायच्या, "आता कसा साहेब दिसतो." तो भांग मला दिवसभर पुरायचा.

सिस्टरनी नियम घालून दिला होता. एकदा डोळे मिटले तर हो, दोनदा मिटले तर नाही. त्यांनी तो अर्चनाला सांगितला, बाबांना सांगायचा राहिला. बाबांनी त्यांचा स्वतःचा नियम लावला. एक घंटी म्हणजे थांबा, दोन घंटी म्हणजे चला. आयुष्यभर गाडीची दोरी ओढलेली, दुसरं काय सुचणार?

या आजारात पायांना नुसता हात लागला तरी आग होते. बाबांनी विचारलं, "पाय दाबून देऊ?" मी दोनदा डोळे मिटले. ते दाबायला लागले. मी परत दोनदा मिटले. त्यांनी जोर वाढवला. मी जीव तोडून दोनदा, परत दोनदा डोळे मिटत होतो आणि ते म्हणत होते, "हो हो, चालूच हाय, चालूच हाय." डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा म्हणाले, "बरं वाटते ना?"

सिस्टर धावत आल्या. चूक कळल्यावर बाबा खोलीच्या बाहेर जाऊन बाकावर बसले आणि त्या दिवशी परत आत आलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी आले तेव्हा पायांपासून दूर, उशाशी उभे राहिले. काय बोलावं कळेना, म्हणून त्यांनी त्यांच्या गाडीचे थांबे म्हणायला सुरुवात केली. "दिग्रस. तुपटाकळी. दारव्हा. लाडखेड. यवतमाळ." मधले सगळे फाटे धरून. मग यवतमाळहून परत.

मशीन आपल्या वेळेला श्वास द्यायची. एक श्वास बाहेर गेला की दुसरा येईपर्यंत थोडी रिकामी जागा असायची. सुरुवातीला त्या जागेत मला मरणाची भीती वाटायची. बाबांचे थांबे सुरू झाल्यावर मी त्या जागेत एकेक थांबा ठेवायला लागलो. श्वास गेला, तुपटाकळी. श्वास गेला, दारव्हा. पुढचा थांबा येणारच, एवढं मला माहीत होतं.

पाडव्याचा शर्ट

तीन महिन्यांनी घरी आलो. पायात आधाराच्या पट्ट्या, हातात वॉकर. मनगटं लुळी होती, बोटं हलत होती पण त्यांना काही कळत नव्हतं. भाजीचा घास आणि हवा, दोन्ही बोटांना सारखंच.

घरी आल्यावर सगळं सोपं होईल असं वाटतं. होत नाही. हॉस्पिटलात मी पेशंट होतो, घरात मी नवरा होतो, मुलगा होतो आणि चमचा दुसऱ्याच्या हातात होता. मी चिडायला लागलो. अर्चनावर कमी, कारण ती उलट बोलायची. बाबांवर जास्त.

पाडव्याला बाबांनी मला पांढरा शर्ट आणला. अर्चना स्वयंपाकात होती. बाबांनी शर्ट माझ्या अंगात चढवला आणि वरचं बटण लावायला वाकले. त्यांच्या बोटांचा स्पर्श गळ्याला झाला आणि मला काय झालं कोण जाणे. पस्तिशीचा माणूस, पदवीधर, कंपनीत हाताखाली दोन जण. मी त्यांचा हात झटकला.

"राहू द्या ना. मी काय बालवाडीत आहे?"

झटक्यात बटण तुटलं आणि पलंगाखाली गेलं. बाबांचे गुडघे दुखतात. तरी खाली बसले, ओणवे झाले, हात घालून बटण काढलं आणि खिशात ठेवलं. संध्याकाळी त्यांनी ते शिवून टाकलं, काळ्या दोऱ्यानं, कारण पांढरा दोरा कुठे ठेवला आहे हे त्यांनी कुणाला विचारलं नाही.

त्यानंतर मी टी-शर्टच घालायला लागलो. कामासाठी शर्ट लागला तर अर्चना दार लावून बटणं लावायची. बाबा बाहेर बसलेले असायचे. काळ्या दोऱ्याचा शर्ट कपाटात गेला.

राजमा

फिजिओथेरपीत मला एक व्यायाम होता. एका वाटीतला राजमा एकेक दाणा उचलून दुसऱ्या वाटीत टाकायचा. शेजारच्या पलंगावर गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आलेले एक गृहस्थ असायचे, लिमये सर. खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले, नारायण पेठेत राहणारे. आठवडाभर त्यांनी माझा राजमा बघितला.

"अहो, तो राजमा आहे. बॉम्ब निकामी करताय असं तोंड कशाला?"

मी पुढच्या दाण्याला हात घातला. तोही पडला.

"एक सांगू? रागावणार असाल तरी सांगतो. तुम्ही दाणा उचलताना श्वास घेता. म्हणून हात हलतो. श्वास सोडा, थांबा, मग उचला."

मी श्वास सोडला. ती रिकामी जागा आली, माझ्या ओळखीची. मनातल्या मनात तुपटाकळी म्हणालो आणि दाणा उचलला. पडला नाही.

लिमये सर उठून बसले. "हे कुठे शिकलात?"

"मशीनवर होतो तेव्हा."

त्यांनी मला आणखी दोन दाणे उचलायला लावले. मग म्हणाले, "मी मुलांना रायफल शिकवतो. त्यांना हे एवढं शिकवायला मला दोन वर्षं लागतात. गुडघा बरा झाला की या तुम्ही."

"कोणाचा गुडघा?"

"माझा. तुमचं बरं व्हायची वाट कोण बघतंय?"

पहिले कागद

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांच्यासाठी थोडं कामाचं.

आधी आपल्या डॉक्टरांना विचारा. मग रेंजला फोन करून पायऱ्या किती, खुर्ची आत जाते का, संडास कुठे, हे विचारा. लाजू नका, मी लाजलो आणि पहिल्या दिवशी अर्ध्या तासात घरी परतलो. सुरुवात दहा मीटरवर एअर रायफलनं होते. खुर्चीत बसून, पावलं पूर्ण टेकवून, कोपरं टेबलावर ठेवून नेम धरता येतो. ज्यांच्या हातांना वजन पेलत नाही त्यांच्यासाठी टेबलावर स्प्रिंगचा स्टँड असतो, रायफल त्यावर टेकते. स्टँड रायफल उचलतो, नेम धरत नाही. स्प्रिंग डुलत राहते; तिला स्थिर तुम्हीच करायचं. ज्यांना गोळी भरता येत नाही त्यांना शेजारी एक माणूस घेता येतो. त्याला लोडर म्हणतात. तो गोळी भरून देतो, बाकी काही नाही.

हे सगळं लिमये सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. मी म्हणालो, "स्टँड नको. मी हातानं धरतो."

"धरा."

मी धरली. चार-पाच सेकंद. मग नळी खाली जायची. महिनाभर मी असाच हट्ट केला. लिमये सर माझा लक्ष्याचा कागद काढून उजेडात धरायचे. "छान. कोराच आहे. उद्या परत वापरता येईल."

कंटाळून शेवटी सरावापुरता म्हणून स्टँड घेतला. गोळी भरण्याचा प्रश्न राहिला. एअर रायफलची गोळी हरभऱ्याच्या डाळीपेक्षा लहान. माझ्या बोटांना ती आहे की नाही हेच कळायचं नाही. अर्चना एका रविवारी भरायला बसली. तिसऱ्या गोळीला म्हणाली, "थोडं डावीकडे गेलं बहुतेक." पाचव्याला, "पाणी देऊ?" सर म्हणाले, "बाई, तुम्ही शिक्षिका का?" ती म्हणाली, "हो, आणि तीस मुलं समोर असताना गप्प बसायची मला सवय नाही." ती हसत उठून गेली.

बाबा मला आणायला-न्यायला असायचे आणि मागच्या बाकावर बसायचे. ते उठले. काही न विचारता शेजारच्या स्टुलावर बसले, डबीतून एक गोळी उचलली, बरोबर जागेवर बसवली. बोट थरथरलं नाही. सर बघत राहिले.

"काका, आधी कधी केलंय?"

"हलत्या गाडीत तिकिटं फाडली साहेब. हे तर बसून हाय."

"लोडरनं बोलायचं नाही बरं का."

बाबांनी मान हलवली. मग गोळी भरून झाली हे मला कसं कळणार? त्यांनी माझ्या खुर्चीच्या पाठीवर बोटाच्या पेरानं दोनदा टकटक केलं. दोन घंटी. चला.

त्या दिवशी कागद कोरा राहिला नाही. घरी जाताना मी बाबांशी बोललो मात्र नाही. माझ्या मनात होतं, हे तात्पुरतं आहे.

पास व्हायची सवय

आता माझ्या मूर्खपणाची गोष्ट.

दिव्यांगांच्या स्पर्धेत उतरायचं तर आधी तपासणी होते. डॉक्टर आणि खेळातले जाणकार बसतात, हातापायांची ताकद बघतात आणि तुमचा गट ठरवतात. एका गटात रायफल स्वतः पेलायची, गोळी स्वतः भरायची. दुसऱ्या गटात स्टँड आणि लोडर चालतो.

मला पहिला गट हवा होता. तो मिळाला तर मी बरा झालो, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. आयुष्यात मी जे काही मिळवलं ते परीक्षा देऊन. दहावी, बारावी, पदवी, नोकरी. तपासणी म्हटल्यावर मी अभ्यासाला बसलो. दीड महिना पाण्याच्या बाटल्या उचलल्या. आदले दोन दिवस पूर्ण विश्रांती घेतली. सकाळी दोन केळी खाल्ली, बोर्डाच्या पेपराला खायचो तशी.

बाबा बरोबर होते, खोलीत भिंतीशी उभे.

डॉक्टर म्हणाले, "हात वर धरा. मी दाबतो, तुम्ही दाबू देऊ नका." मी दात आवळून धरला. घामानं कपाळ भिजलं, पण हात खाली येऊ दिला नाही.

"रोज एवढं जमतं?"

"हो."

"गोळी भरता?"

"सराव चालू आहे."

"शर्टाची बटणं?"

"लावतो."

डॉक्टर लिहायला लागले. मागून आवाज आला. "नाही लावत साहेब."

खोलीत सगळे थांबले. बाबा माझ्याकडे न बघता बोलत होते. "खोटं सांगून राहिला तो. बटण नाही लागत त्याले. सूनबाई लावून देते, दार लावून. मले माहीत हाय, मी घरीच असतो."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "अहो, इथे पास-नापास नाही. कमी दाखवलंत तर खोटं, जास्त दाखवलंत तरी खोटंच. जेवढं आहे तेवढं दाखवा. अर्धा तास बाहेर बसा, हात मोकळे होऊ द्या, मग परत या."

बाहेर बाक होता. मी बाबांना म्हणालो, "तुम्हाला मध्ये बोलायची काय गरज होती?"

ते समोरच्या नोटीस बोर्डाकडे बघत म्हणाले, "माझ्या गाडीत पन्नास सीटा राहत. बाजाराच्या दिवशी सत्तर माणसं चढत. मी कागदावर सत्तरच लिहो. डेपोतले म्हणत, पन्नास लिही ना, काहून झंझट करतो. आता पन्नास लिहिल्यानं गाडी हलकी होते का? ब्रेक तर सत्तराच्याच हिशेबानं लावा लागते."

मी माझ्या हातांकडे बघितलं.

"दोन वर्षं झाली," ते म्हणाले. "तू पन्नासच लिहून राहिला."

आत गेलो. डॉक्टरांनी हात दाबला. मी जेवढं होतं तेवढंच लावलं. हात खाली आला, सहज, जसा घरी येतो. कुणी हसलं नाही. गोळी उचलायला दिली, ती पडली. मी "सॉरी" म्हणालो. डॉक्टर म्हणाले, "कशाबद्दल?"

कागदावर गट लिहिला गेला, स्टँड आणि लोडरचा. त्याच्या आधी एक शब्द होता, "कायमस्वरूपी". या शब्दाला मी दोन वर्षं घाबरत होतो. तो वाचला आणि पुढच्या ओळी वाचता येईनात. बाबांनी कागद माझ्या हातातून घेतला, नीट घडी घातली आणि आतल्या खिशात ठेवला.

अर्चनाला फोन केला. ती ऐकून घेत राहिली. मग म्हणाली, "बरं झालं. आता ते दार लावून बटणं लावणं बंद करा. माझी बस चुकते दर वेळी."

पन्नास मीटर

त्यानंतर सर मला पन्नास मीटरवर घेऊन गेले. दहा मीटरचं लक्ष्य बंद हॉलमध्ये असतं. पन्नास मीटरचं उघड्यावर. मधल्या जागेत वारा असतो. तो कळावा म्हणून बारीक कापडाच्या झेंड्या लावलेल्या असतात. एक डावीकडे फडफडते आणि तिच्या पुढची झोपलेली असते.

नवीन माणूस वाऱ्याशी भांडतो. मीही भांडलो. सर म्हणाले, "पुण्यात राहून वाऱ्याचं मनाला लावून घेता? माणसांचं घेता तेवढं पुरे आहे." मग समजावून सांगितलं. झेंडी बघायची. आपल्या ओळखीची झाली की गोळी मारायची. नाही झाली तर थांबायचं.

थांबणं मला येतं. आजारानं दिलेली ती एक वस्तू आहे आणि मी ती वापरतो. श्वास सोडायचा. रिकामी जागा येते. लक्ष्याचा काळा गोल रायफलच्या टोकाकडच्या नेमाच्या कड्यात शांत बसतो. ट्रिगर फार हलका असतो. माझ्या बोटाला तो जाणवत नाही, पण बोट मागे जातं हे मला खात्रीनं माहीत असतं, जसा अंधारात आपल्या घरातला दिव्याचा खटका माहीत असतो. थांबा येतो. गोळी जाते.

थकवा येतो, तो गृहीत धरा. मी आठवड्यातून तीनच दिवस जातो. पायांत गोळे आले की उठतो. काही दिवस सगळं बिघडतं. अशा दिवशी सर म्हणतात, "आज कागदानं तुम्हाला हरवलं. चहा पाजा त्याला." आणि स्वतःच पितात.

मुख्य ते

माझी पहिली स्पर्धा आमच्याच रेंजवरची होती. नंबर सांगून टाकतो, म्हणजे कुणी वाट बघत बसणार नाही: खालून चौथा. मधल्या दहा गोळ्या चांगल्या गेल्या, मग वारा फिरला, मी घाई केली. सरांनी निकाल बघून चष्मा पुसला. म्हणाले, "तुमच्या खाली तिघं आहेत. त्यांना भेटून या, त्यांना बरं वाटेल."

पण फोनवरच्या त्या बाईंना सांगायचं राहिलं ते स्पर्धेच्या आधीचं आहे.

त्या दिवशी सकाळी अर्चनाला शाळेत परीक्षेची ड्यूटी होती. ती लवकर गेली. जाताना विचारलं, "टी-शर्ट काढून ठेवू?" मी नको म्हणालो. ती गेल्यावर मी कपाट उघडलं आणि पाडव्याचा शर्ट काढला. हात घालता येतात मला, वेळ लागतो इतकंच. शर्ट अंगात घातला, पुढून तसाच उघडा, आणि बाहेरच्या खोलीत आलो.

बाबा तयार होऊन बसले होते. स्पर्धेवाल्यांनी लोडरला गळ्यात अडकवायचं कार्ड दिलं होतं, त्यावर त्यांचा फोटो. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच त्यांच्या छातीवर फोटोचं कार्ड आलं होतं. ते त्यांनी घरातूनच घातलं होतं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. उघड्या शर्टाकडे बघितलं. उठले नाहीत. हात मांडीवरच ठेवले. मला तेव्हा कळलं की त्या पाडव्यापासून ते माझ्या अंगाला विचारल्याशिवाय हात लावत नव्हते. गोळी भरायचे, खुर्चीची पाठ वाजवायचे, पण मला नाही.

मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो. श्वास सोडला.

"बाबा, बटणं लावून द्या."

ते हळूच उठले. खालून सुरुवात केली. एक, दोन, तीन. हलत्या गाडीत न थरथरणारी त्यांची बोटं चौथ्या बटणाला थांबली, परत चालू झाली. सगळ्यांत वरचं, काळ्या दोऱ्याचं बटण राहिलं. ते नीट दिसावं म्हणून मी हनुवटी वर केली. शाळेच्या पहिल्या दिवशी केली होती तशी.

बटण लागलं. बाबांनी कॉलर सारखी केली. मग माझ्या खांद्यावर बोटाच्या पेरानं दोनदा टकटक केलं.